मास्तरीणबाईच्या पोटातलं पाणी

बोरगाव, ता. लाखनी, जि. भंडारा
दि. ३१ ऑगस्ट २०२५

चि. उर्वशीस,

आजी चंद्रभागाबाईचा पोटभर आशीर्वाद. वि. वि. इकडे सगळे खुशाल. तू तिकडे नागपूरले नर्सिंगच्या होस्टेलात दोन टाइम जेवत असशील असं धरून चालली आहो.

फोन आता माह्या कामाचा नाई. तू काय बोलते ते कानात शिरत नाई, अन् मी बोलली तं रस्त्यावरचे लोक भांडण समजून थांबते. म्हणून अंगणवाडीतली रिता संध्याकाळी आली की मी बोलून राहिली अन् ती लिहून राहिली. तिले सांगितलं, जसं बोलली तसंच लिही, सुधरवू नको. तरी हात तिचा आहे, काय करते माह्या डोळ्याले थोडंच समजते?

मोठी खबर आता ऐक. तुह्या मास्तरीणबाईचे दिवस भरले. पंधरा दिवस झाले, अंडं देणं बंद केलं. पोट खाली आलं. कोठ्याच्या कोपऱ्यात बसली की उठाचं नाव नाई. पन्नास वर्षं मी कोंबड्या बसवून राहिली, मले काय शिकवा लागते? खुडूक झाली. चार दिवसांआधी धानाच्या तणसीवर नऊ अंडे ठेवले, तिले वर बसवली, अन् टोपलं झाकलं. बाजूले खिळा अन् कोळसा ठेवला, आभाळ गरजलं तरी अंडे बिघडाले नको. तुहा बाप म्हणते, मास्तरीण नोकरी सोडून संसाराले लागली. कैलाशले एवढाच विनोद येते, हसून घे.

तू जातानी तिले माह्या मांडीवर ठेवून गेली, अन् दिवाळीपर्यंत सांभाळ म्हणली. माह्यावर भरोसा नसल्यावानी तीनदा म्हणली. आता पाहाय, एक दिली होती, दहा वापस घे. रोवणी आटपली, पोळा झाला, आता माह्याजवळ हेच काम आहे.

जेवत जाय. आजीवर माया आहे तशीच राहू दे.

तुही आजी

(लिहिणार रिता. खाली निळा डाग आहे तो आजींचा अंगठा. पुसू नये.)

•

नागपूर
दि. ५ सप्टेंबर

ती. आजीस,

उर्वशीचा शि. सा. न. वि. वि. तुझं पत्र खोलीतल्या चौघींनी वाचलं. आता त्या मला माझ्या अभ्यासाचं विचारत नाहीत, मास्तरीणबाईचं विचारतात. त्यांना सांगितलं, बारावीच्या वेळी ही पिल्लू होती आणि मी पुस्तक उघडलं की पानावर येऊन उभी राहायची, मान वाकडी करून तपासायची, म्हणून हे नाव.

आजी, तू रागावू नकोस, पण दोन गोष्टी विचारते. तिच्या पोटाखाली हात घातलास की ती पिसं फुलवून टोचते का? अंड्यावर बसलेली कोंबडी सहसा टोचते. आणि रिताताईनं मोबाइलवर फोटो पाठवला त्यात तिचा तुरा काळपट दिसतो. कोठ्यातला अंधार असेल, तसंच असो. मी माणसांची नर्स होणार आहे, कोंबड्यांची नाही. तरी एकदा टोपलं उचलून तिला अंगणात चालव आणि पाय कसे टाकते ते मला कळव.

बाबांना नमस्कार. तुझ्या अंगठ्याला माझा वेगळा नमस्कार. लोभ आहेच, तो वाढवत राहा.

तुझी
उर्वशी

•

बोरगाव
दि. २२ सप्टेंबर

चि. उर्वशीस,

आजीचा आशीर्वाद. वि. वि. तुहं पत्र दहा तारखेले भेटलं. रितानं वाचून दाखवलं. टोपलं उचलून पाहाले तू सांगितलं होतं. मी नाई उचललं. बैठक मधातच हलवली तं अंडे सडते, एकवीस दिवस हात लावाचा नाई, हे माह्या सासूनं शिकवलं अन् मी तुह्या मायले शिकवलं. शहरातल्या पोरीनं चिठ्ठीतून सांगितलं म्हणून मी पन्नास वर्षांची रीत मोडाची का, असं मनात आलं. रितापाशी बोलून दाखवलं नाई, तेव्हा तिनं तुले कळवलं नसंल.

एकवीस दिवस झाले. एकही अंडं फुटलं नाई. टोपलं काढलं तं मास्तरीण उभीच होऊन नाई राहिली. पोट हातात घेतलं तं पाण्यानं भरलेली पिशवी. दोन पाय फाकवून बदकावानी चालली, अन् बसली. चोच उघडी, तुरा जांभळासारखा. तू विचारलं होतं टोचते का. नाई टोचत होती. मले वाटलं गरीब आहे, आजीचा हात ओळखते.

कैलाश म्हणला, आपोआप मराच्या आधी कापून टाकू, मंग कोणी खाणार नाई. त्याचं चुकलं नाई, घरोघरी असंच करते. माह्याच हातानं किती कापल्या. पण मी त्याले सांगितलं, ही उर्वशीची आहे, हात लावशील तं या घरात तुह्या ताटात वाढणारी दुसरी पाहाय. तुही माय मोना पदर तोंडाले लावून हसली. मले वाटलं हसली, पण रडून राहिली होती.

मंग थैलीत घालून लाखनीले ढोरांच्या डॉक्टरकडे नेली. बसमधे कंडक्टर थैलीकडे पाहे. मी म्हणलं, मास्तरीणबाई आहे, बदलीवर चालली. डॉक्टरनं पोटाखालची पिसं काढली, जाड सुई घातली. पिवळं पाणी निंघालं बाई, गवती चहासारखं. स्टीलचा लोटा भरत आला तेव्हा थांबला. सारं एकदम काढलं तं जीव सोडते म्हणे. लिव्हर खराब असंल नाई तं अंड्याच्या पिशवीत गाठ असंल, वरून सांगता येत नाई. पाणी पुन्हा भरंल म्हणे. हा उपाय नाई, आराम आहे.

घरी आली अन् सांजच्याले भिजवलेली तांदळाची कनकी खाल्ली. अंगणात सहा पावलं चालली, मान वाकडी करून माह्या चपलेची तपासणी केली. म्हणून लिहून राहिली. दिवाळी कितीक लांब आहे? महिनाभर. तेवढी ठेवतो तिले.

माया पातळ होऊ देऊ नको.

तुही आजी

(आजींनी जेवण सोडलंय असं नाही, पण अर्धं ताट मास्तरीणला जातं. रिता.)

•

नागपूर
दि. २७ सप्टेंबर

ती. आजीस,

उर्वशीचा शि. सा. न. वि. वि. तू तिला थैलीत घालून लाखनीला नेलंस हे वाचून मी पत्र दोनदा घडी करून ठेवलं आणि पुन्हा उघडलं. टोपल्याचं मनाला लावून घेऊ नकोस. आधी उचललं असतंस तरी तिच्या आतलं दुखणं तेच होतं. मी आमच्या मॅडमनाही विचारलं.

तिला उंच चढू देऊ नकोस. तणस रोज कोरडी घाल, पाण्याचं भांडं पसरट ठेव, कनकी मऊ भिजवून थोडी थोडी दे. श्वास लागला की उताणी कधी धरू नकोस, छाती वर राहील अशी मांडीवर घे.

आता जे लिहिते ते लिहायला मला दोन दिवस लागले. त्या पाण्यात तिच्या अंगातलीच ताकद असते, आजी. दर वेळी काढलं की ती तेवढी रिकामी होते. आज सहा पावलं चालली, पुढच्या वेळी तीन चालेल. आजोबांचं पोट असंच भरलं तेव्हा माझी दहावी होती. परीक्षा बिघडेल म्हणून मला कोणी काही सांगितलं नाही, आणि मी पेपर देऊन घरी आले तेव्हा त्यांची रिकामी खाट अंगणात काढलेली होती. आता वॉर्डात तसे पेशंट रोज बघते. नातेवाईक विचारतात, अजून एकदा काढलं तर?

माझ्यासाठी तिला दिवाळीपर्यंत रोखून धरू नकोस. मी तेव्हा तीनदा म्हणाले, कारण घर सोडवत नव्हतं. ते शब्द मी परत घेते.

मोकळेपणी लिहिलं म्हणून आशीर्वादात कपात नको.

तुझी
उर्वशी

•

बोरगाव
दि. ४ ऑक्टोबर

चि. उर्वशीस,

आशीर्वाद. वि. वि. तुहं पत्र पोचलं.

तू लई शिकली. आम्ही अंगठेवाले. दवाखान्यात रोज मरणं पाहून तुहं काळीज निबर झालं असंल, तुहा दोष नाई. पण ज्या कोंबडीनं तुह्या पुस्तकावर हगून तुले बारावी पास केलं, तिले सोडून दे म्हणून पाठवाले तुले पाच रुपयाचा लिफाफा पुरला.

काल दुसऱ्यांदा पाणी काढलं. बारा दिवसांत भरलं होतं. या वेळी खाल्लं नाई, उद्या खाईल. धान निसवला आहे, बांध्यांत पाणी चांगलं आहे. बाकी ठीक.

आजी

(उर्वशी, हे आजी घरात गेल्यावर लिहितेय. डॉक्टर तिसऱ्यांदा नको म्हणत होते. आजींनी त्यांना सांगितलं, नागपूरची नात फोनवर रडते, तिच्यासाठी करा. कैलाशभाऊंनाही तेच सांगतात. तू रडतेस का गं? दिवसभर ती कोंबडी आजींच्या मांडीवर असते आणि आजी हलत नाहीत, पाय सुजले आहेत त्यांचे. रिता.)

•

नागपूर
दि. ७ ऑक्टोबर

ती. आजीस,

उर्वशीचा शि. सा. न. वि. वि. तुझा राग मिळाला. जपून ठेवला आहे, तोही तुझाच.

मी फोनवर रडले नाही, आजी. रडले ते होस्टेलच्या गच्चीवर, आणि कोणाला काही करायला सांगितलं नाही. पण माझं नाव घेतल्यानं तुला बळ येत असेल तर घे, मी खोटं पाडणार नाही. फक्त एवढं सांग, सुई टोचताना ती डॉक्टरकडे बघते की तुझ्याकडे? तुझ्याकडे बघत असेल तर काय मागते ते तुला कळत असेल. मला इथून कळत नाही. तू जे ठरवशील ते मला मान्य आहे, तिसऱ्यांदा न्यायचं ठरवलंस तरी.

रात्री पाय उशीवर ठेवून झोपत जा. सूज उतरते. हे कोंबडीसाठी नाही, तुझ्यासाठी.

अठरा तारखेला येते. माझ्यावर रागव, पण बोलणं तोडू नकोस.

तुझी
उर्वशी

•

बोरगाव
दि. १३ ऑक्टोबर

चि. उर्वशीस,

आजी चंद्रभागाबाईचा आशीर्वाद, मागच्या पत्रात कमी दिला होता तोही यातच धर. वि. वि. मास्तरीणबाई काल गेली.

तुहं पत्र शुक्रवारी आलं. रितानं वाचलं, मी तिले म्हणलं पुन्हा वाच. शनिवारी सकाळीच थैली घेऊन रोडवर बसच्या थांब्यावर उभी झाली. लाखनीले नेऊन पाणी काढाचंच होतं, तुहं ऐकाचं नव्हतं. ट्रकवर ट्रक जाऊन राहिले होते, म्हणून थैलीतून काढून तिले छातीशी धरली. तिनं मान माह्या काखेत घातली. डोळे उघडे होते. माह्याकडेच पाहून राहिली होती. तू विचारलं होतं, म्हणून सांगून राहिली.

रिताले आता म्हणलं, पुढचं नीट लिही, एक शब्द गाळू नको.

तुह्या आज्याचं पाणी तीनदा काढलं. दोनदा काढलं तेव्हा त्याले बरं वाटलं. तिसऱ्यांदा गाडीत बसवला तेव्हा तो म्हणला, चंद्रभागा, आता घरी राहू दे, अंगणात खाट टाक. साऱ्यांच्या समोर म्हणला. मी म्हणलं, माह्या हातात काई नाई, कैलाश ऐकत नाई, पोराचा जीव तुटते. कैलाश काईच म्हणला नव्हता. तो तं बापाकडे पाहून त्याले गाडीतून उतरवाले लागला होता. मीच दार लावलं. तुहा आजा दवाखान्यातच गेला, मी चहा घ्याले बाहेर गेली होती तेवढ्यात. कैलाशले आजवर वाटते का त्याच्याचसाठी बापाले दवाखान्यात नेलं. मी त्याले तसंच वाटू दिलं.

अन् आता डॉक्टरसमोर तुहं नाव घेतलं. दोन्ही टाइम सोडवत मले नव्हतं, नाव लेकराचं लावलं.

बस आली. कंडक्टर तोच होता, मास्तरीणबाई चालल्या का म्हणे. मी हात नाई दाखवला. तो वाट पाहून गेला.

घरी आणली. अंगणात ऊन होतं तिथं तणस टाकली. तू सांगितलं तसं छाती वर करून मांडीवर घेतली. कनकी दिली, नाई खाल्ली. पाणी बोटानं चोचीले लावलं, दोन थेंब घेतले. शनिवार निंघाला. रविवारी दुपारी मोना भात घेऊन आली, तेव्हा तिनं एकदा पंख झटकले अन् मांडीवर वजन एकदम वाढलं. मी पाहून राहिली होती. या वेळी मी चहा घ्याले नाई गेली.

कापली नाई. कैलाशनं स्वतःच फावडं आणलं. खड्डा करता करता मी त्याले त्याच्या बापाची गोष्ट सांगितली, आता तुले सांगितली तशीच, सगळी. त्यानं खड्डा पाहिजे त्याच्यापेक्षा लई खोल खणला. मंग माती लोटून झाली तेव्हा फावडं टाकून माह्याजवळ बसला अन् माह्या सुजल्या पायावरून हात फिरवत राहिला. किती वेळ ते मले सांगता येत नाई.

रिता रडून राहिली, अक्षर बिघडलं असंल तं तिचं आहे, माहं नाई.

तू अठराले ये. मले तुही आठवण येते. तुह्या बापाले येते का, मोनाले येते का, ते त्याइले विचार. हे मीच सांगून राहिली, मलेच येते.

रागावली असशील तं समोर येऊन रागव, अन् तोवर माह्यावर जीव ठेव.

तुही आजी
चंद्रभागाबाई