वजनकाट्यावर बसलेली बाई

४ डिसेंबर २००६, यवतमाळ
कादंबरीचं प्रकरण तीन चौथ्यांदा फाडलं. आठच वर्षांपूर्वीची गोष्ट, पाहणारी माणसं जिवंत, तरी एकाचं दुसऱ्याशी जुळत नाही. ओला म्हणून कापूस परत पाठवला, तेव्हा घाटंजीच्या संकलन केंद्रावर एक बाई वजनकाट्यावर जाऊन बसली आणि दिवसभर मोजणी बंद पाडली, एवढंच सगळ्यांना मान्य. एक म्हणतो हातात विळा होता. दुसरा म्हणतो कडेवर पोर. तिसऱ्याने तिला दोन्ही दिलं!
बाबा म्हणाले, "तोंडी राहू दे. कागद बघ." शाळेत घालण्याआधी त्यांनी मला अक्षरं शिकवली ती त्यांच्या तहसील कचेरीतल्या रद्दी फायलींवर. कागद म्हटलं की मी निमूट होते.

७ डिसें.
मिळाला. वाचनालयात जुनं कात्रण. नाव: कमलाबाई. केंद्राच्या नोंदवहीतही त्या दिवशी तेच. दोन पुरावे. बाबा खूश. नायिकेचं नाव तेच ठेवते.

१२ डिसें.
कमलाबाईंच्या गावी. एस.टी.ने घाटंजी, पुढे काळीपिवळी जीप, मांडीवर कुणाची तरी कोंबडी. बाईंनी सत्काराच्या शाली एकेक उलगडून दाखवल्या. बोलतात छान, जरा जास्तच छान. "मंग मी म्हनलं, कापूस नाही मोजत तं मलेच मोज!" काटा कुठल्या बाजूला होता विचारलं, तर, "बाप्पा! ते कायले पायजे तुले?"
धाकटी जाऊ शेवंताबाई गहू निवडत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "विहिरीच्या अंगानं."
यांना कसं माहीत?

१३ डिसें.
मूर्ख आहे मी. सातबारा ज्याच्या नावे, कापूस त्याच्याच नावे चढतो, गाडी कोणीही आणो. हे बाबांनीच दहादा सांगितलंय. शेत कमलाबाईंच्या नावावर. वार्ताहराने बाईला नाव विचारलंच नसणार, नोंदवहीतून उतरवून घेतलं असणार. म्हणजे माझे दोन पुरावे हा एकच पुरावा, आणि तोही गाडीचा, बाईचा नाही.
बाबांना सांगितलं. चष्मा पुसत बसले. मग म्हणाले, "तरी कागद तो कागद." ओरडले त्यांच्यावर. जन्मात पहिल्यांदा.

१९ डिसें.
पुन्हा गेले. कमलाबाई पुसदला लेकीकडे. शेवंताबाईंना सरळच विचारलं, काट्यावर तुम्ही होतात ना?
"व्हय."
मग इतकी वर्षं गप्प का?
"पेपरात तिचं नाव आलं. शाल आली, हार आले. तिनं सांगतलं लोकायले, का ते मी नोहो. कोनी आयकलंच नाही. मंग तिले बी आवडाले लागलं." हसल्या. "एका चुलीवर हावो आमी दोघी. घर फुटन ना वं पोरी."
आणि पुस्तकात?
"गोष्टच लिहून राह्यली ना तू? मंग खऱ्यापायी येवढा काहून जीव जाऊन राह्यला तुहा?"
प्रश्न तसाच वहीत उतरवून घेतला.

२३ डिसें.
प्रकाशकांचा फोन. "नाव बदला नि मोकळ्या व्हा हो. कादंबरी आहे." सगळ्यांना किती सोपं! नाव बदललं तरी तिथे सगळे कमलाबाईच वाचणार. खरं लिहिलं तर शेवंताबाईंनी विश्वासाने सांगितलेलं चव्हाट्यावर. काहीच लिहिलं नाही तर...

२८ डिसें.
प्रकरण दोघींना वाचून दाखवलं. नायिकेला नाव नाही, नुसती 'ती'. कमलाबाई मान डोलवत होत्या. 'पोलीस आले तशी तिच्या डोळ्यांना धार लागली', इथवर आले आणि शेवंताबाईंनी सूप खाली ठेवलं.
"रडली नोयती."
कमलाबाई म्हणाल्या, "मी तं..." आणि जावेकडे वळल्या. मग मला, "खोड ते. तिले इचार अन् लिही."
मी खोडलं. पेन धरून बसले. शेवंताबाई उठून आत गेल्या. मागोमाग कमलाबाई. आतून दोघींचे आवाज येत होते, शब्द कळत नव्हते. शेवटची गाडी निघायची वेळ झाली तरी कोणी बाहेर आलं नाही. खोडलेल्या ओळीच्या जागी 'ती रडली नाही' एवढंच लिहून मी निघाले.