शेंदूरजनाघाटचे खड्डे

प्रिय कुलदीप,

'प्रिय' वाचून हुरळू नकोस. नवरा होतास तेव्हाची हाताची सवय आहे, एवढंच. घटस्फोटानंतर तुला एक ओळही लिहायची नाही असं ठरवलं होतं. पण परवा तुझा सहायक स्वप्निल अकोल्याच्या ऑफिसात माझ्या टेबलापाशी येऊन चुळबुळत म्हणाला, "मॅडम, सर म्हणत होते, जुनं वैर अहवालात काढू नका." तेव्हापासून डोकं तडकलंय.

तू केलेला वरुड तालुक्याचा मातीचा नकाशा प्रत्यक्ष जमिनीशी जुळतो का, हे तपासायचं काम माझ्याकडे आलं. मी मागून घेतलं नव्हतं. याच नकाशावरून संत्र्याच्या नव्या बागा कुठे लावायच्या ते ठरणार. तो चुकला तर भारी काळ्या मातीत पाणी साचून झाडं मरतील. तरीही, खरं सांगते, तो चुकावा असं मला मनापासून वाटत होतं. भर कोर्टात "हिला शेतातलं काही कळत नाही, माझ्या नावावर हिची नोकरी टिकली" म्हणालास, ते मी विसरलेले नाही.

संगणकाने निवडून दिलेल्या जागी खड्डे खणून माती पाहिली, त्या बहुतेक जुळल्या. मग शेंदूरजनाघाटला मी आपणहून आणखी खड्डे घेतले, तेही मुद्दाम दोन मातींच्या सीमेवर, जिथे नकाशे हमखास घसरतात. पार्बताबाईंच्या रिकाम्या वावरात मजूर थकले तेव्हा मीच पहार घेतली. बांधावरून त्या म्हणाल्या, "कोनाचा राग काढून राह्यली वो माय? विहीर खंदाची हाये काय?" मी आणखी जोरात पहार मारली. तू लिहिलं होतंस तितक्याच खोलीवर मुरूम लागला. मातीवर आम्ल टाकलं, तर तिच्यातला चुनाही तू म्हणालास तसाच, बेताचा फसफसला. त्या खड्ड्यात बसून मी रडले. तुझ्या आठवणीने नाही, संतापाने.

सीमेवर काही ठिकाणी नकाशा थोडा सरकलाय, तेवढं लिहिलंय. बाकी तो भरवशाचा आहे, असं स्वच्छ नोंदवून आज सकाळी अहवाल पाठवला. उद्या तुला कळेलच, आणि तू सगळ्यांना सांगत सुटशील की दीपमाला विरघळली. म्हणून आधीच कळवते: तुला माफ केलेलं नाही. माती तशी निघाली, म्हणून तसं लिहिलं. तिवसा तालुक्याच्या नकाशाच्या कामावर आपल्याला एकत्र नेमणार होते. मी नकार दिलाय. पुन्हा माझ्याकडे माणूस पाठवू नकोस.

तुझी नसलेली,
दीपमाला