तुझ्या ओळीनंतरची जागा

आई, काल धाकट्याने तुझा आवाज आम्हा सगळ्यांना ऐकवला. सांगायचं एवढंच आहे, पण एवढ्यात आटोपणं मला कधी जमलं नाही, हे तुला ठाऊक आहे.

तुझ्या वेळी डीजे म्हणून त्याचा आवाज मोठा होता. गावातली हळद असो की मुंबईतला क्लब, त्याचं गाणं लागलं की माणसं उड्या मारायची. आणि मी व्यासपीठावरून कडाडायचो, की या भिंतीएवढ्या स्पीकरांनी आमच्या आयांचे गळे दाबले. आजही म्हणेन. शेजारच्या हळदीला तू मांडवात लग्नाचे धवले गायला बसलीस. अर्धी ओळ तू म्हणायचीस, उरलेली अर्धी बायका पुरी करायच्या. तुझी अर्धी झाली आणि त्याचा स्पीकर सुरू झाला. मी तावातावाने उठलो, तर सदरा ओढून तू मला खाली बसवलंस. "भाषन नको हां इथं. त्याचं होऊ दे आधी, मंग मी गाते." आणि पदराने वारा घेत हसत राहिलीस. तुझी पाळी आलीच नाही; पुढे तू अंथरूण धरलंस, ते उठलीच नाहीस. कुणाच्या तरी व्हिडिओत ती अर्धी ओळ तेवढी राहिली.

क्लबची कामं त्याने सोडली तेव्हा लोक म्हणाले, संपला. आता आचोळ्याच्या फ्लॅटमध्ये बसून तो ठेका नसलेलं, अगदी हळू संगीत करतो. काल दुपारी दोन छोटे स्पीकर घेऊन आपल्या पडवीत आला. काकू आणि तुझ्यासोबत गाणाऱ्या बायकांना त्याने बोलावलं होतं. मला दारात थांबवून म्हणाला, "दादा, आईची ओळ मी तोडली होती. आज यांनी ती उचलली नाही, तर हे मी पुसून टाकणार."

सूर इतके बारीक, की काकू म्हणाली, "एवढा मोठा डीजे तू, नि आवाज कुठं हाय? पंखा बंद करा रं कुनी." पंखा थांबला, आणि तू आलीस. आधी तुझा श्वास, मग ती अर्धी ओळ, कानाशी सांगितल्यासारखी. मी एवढं वाचलं, एवढं ऐकलं, पण एका श्वासासाठी कुणी इतकी जागा राखलेली कधी पाहिली नव्हती. ओळ थांबते, सूर मागे सरतात. काहीच वाजत नाही. धाकटा मान खाली घालून बसला आहे, बोटं एकमेकांत घट्ट. आणि काकू गाते. मग दुसरी, मग सगळ्या, जणू तू आत्ताच गाऊन त्यांच्याकडे पाहिलंस. त्यांचं पुरं झालं तेव्हाच पुढचा सूर आला. तेवढीच जागा त्याने सोडली होती. मांडवात लहानपणी ऐकलेली ती लांबी त्याच्या अंगात कुठे जपलेली होती, देव जाणे.

नंतर सगळे माझ्याकडे बघू लागले, आता दादा बोलणार म्हणून. मी उठून पंखा लावला. हे पत्रही कुठे धाडायचं नाही, म्हणून लिहून टाकतो: त्या गात होत्या तेव्हा मी नुसते ओठ हलवत होतो, आई. उरलेली अर्धी ओळ मला येत नाही.