एकच रेघ

क्लेमेंटी, सिंगापूर
१२ ऑक्टोबर २०२५

ती. बाबांस,
अश्लेषाचा सा. न. वि. वि.

तुम्हाला हस्ताक्षरच लागतं, म्हणून लिहून फोटो पाठवतेय. आईला लगेच वाचून दाखवू नका.

ज्या यंत्रावर पोट चालतं त्याला हळदकुंकू वाहा, असं खंडेनवमीला तुम्ही फोनवर बजावलंत. मी लॅबमधल्या लेसरच्या पेटीला कुंकवाचं बोट लावलं, फूल वाहिलं. त्या दिवसापासून आरशावरून परतणारा प्रकाश किंचित कमी भरतोय. ब्रेमरसरांना वाटतंय, काहीतरी नवं सापडलं. मला वाटतंय, कुंकू उडून आत आरशावर बसलं.

सर सत्तरीचे. घड्याळं दुरुस्त करणाऱ्याचा मुलगा. जर्मनीत अकरा वर्षं शाळेत शिकवून मग संशोधनात आले. इथे वीस वर्षं झाली. २४ तारखेला त्यांचं निरोपाचं व्याख्यान आहे आणि त्यात या घटत्या प्रकाशाचाच आलेख. यंत्राला जे केलं ते वहीत शाईनं लिहायचं. चुकलं तर एकच रेघ मारायची, खालचं वाचता आलं पाहिजे, हा त्यांचा पहिला धडा. पूजा मी लिहिली नाही. लाज वाटली.

माझा करार डिसेंबरात संपतो. मुदतवाढीवर सही त्यांचीच. ती झाली नाही तर इथे राहायचा पासही जाईल. काय करू?

उत्तराकडे डोळे लावून,
अश्लेषा

सातारा
१४ ऑक्टोबर

चि. अश्लेषास अ. उ. आ.

पत्र तीनदा वाचलं. आईला सांगितलं नाही, पण मी चहात साखर दोनदा घातली, तिथेच तिनं ओळखलं.

मीही तीस वर्षं शाळेत प्रयोग घेतले. आरसा हळूच पुसून टाक. आकडे आपोआप ताळ्यावर येतील. निरोपाच्या तोंडावर म्हाताऱ्या माणसाला कशाला दुखवतेस? शिवाय पूजेचं ऐकून तिथले लोक हसतील ते वेगळंच. बोटभर कुंकवापायी सगळं घालवू नकोस.

जेवणाची हेळसांड नको. माया आहेच.
तुझे बाबा, निशिकांत

क्लेमेंटी
२५ ऑक्टोबर

ती. बाबांस सा. न. वि. वि.

पुसायला गेले होते. कापूस हातात होता. पण पुसलं असतं, तर सर चुकीचा आलेख घेऊन लोकांसमोर उभे राहिले असते. तशीच उठले, त्यांना बोलावून आणलं आणि पूजेचं सांगितलं.

पेटी उघडली. आरशाच्या कडेला लाल कण. कुंकवाला सर हसले नाहीत. वही मागितली. १ तारखेच्या पानावर हे का नाही, विचारलं. तेव्हा मात्र आवाज चढला. लपवणारा माणूस मला प्रयोगाजवळ नको, म्हणाले. मी तिथेच त्या दिवसाची तारीख घालून नोंद केली. करार गेला असं धरून मी सामान आवरायला घेतलं होतं.

काल व्याख्यानात आलेख नव्हताच. पडद्यावर वहीची दोन पानं होती: सरांच्या हातचा निष्कर्ष, त्यावर त्यांनीच मारलेली एक रेघ, आणि माझी उशिराची नोंद. खात्री न करता हुरळून गेलो ती चूक माझी, असं त्यांनी भरल्या सभागृहात सांगितलं.

करार वाढला, पण सहाच महिने. पुढचं माझ्या वहीवर ठरेल. जाता जाता विचारत होते, पूजा टेबलाच्या पायाला चालते का म्हणून.

रागावला नाहीत ना? कळवा.
अश्लेषा

सातारा
२७ ऑक्टोबर

चि. अश्लेषास अ. उ. आ.

सरांना सांग, चालते.

माझ्या १४ तारखेच्या पत्राचा फोटो पुसून टाकू नकोस, छापून घे. त्यातल्या सल्ल्यावर माझ्या नावानं रेघ मार. एकच. खालचं वाचता आलं पाहिजे.

तुझाच,
बाबा