दातेरी पानाबद्दल

मी, थर्झा पेलो, वय सत्तावीस, अविवाहित, वनस्पतींची चित्रकार, राहणार पेनरिन, कॉर्नवॉल, पूर्ण शुद्धीत, कोणाच्याही सांगण्यावरून नव्हे तर स्वतःच्या विचाराने आणि स्वतःच्या हाताने हे मृत्युपत्र लिहीत आहे. येत्या गुरुवारी माझ्या छातीतली गाठ काढायची आहे. सर्जन आशावादी आहेत. किती, हे विचारले तेव्हा त्यांनी हवामानाचा विषय काढला; म्हणून हा कागद.

१. घर, बँकेतली शिल्लक आणि आईचे घड्याळ माझी बहीण लव्हडे हिला. घड्याळ रोज चार मिनिटे मागे पडते. ते दुरुस्तीला देऊ नये. मी एकदा दिले होते. नंतर ते आठ मिनिटे मागे पडू लागले.

२. सूक्ष्मदर्शक, दोन भिंगे आणि सर्व कुंचले गावातल्या मुलींच्या शाळेला. मुलींना फुले सुंदर काढायला शिकवू नये. आधी पाकळ्या मोजायला शिकवावे.

३. वनस्पतिशास्त्रज्ञ डॉ. लडग्रोव्ह यांच्याकडे मी सहा वर्षे वाळवलेल्या वनस्पती कागदावर चिकटवण्याचे आणि त्यांची चित्रे काढण्याचे काम केले. त्यांना काहीही देत नाही.

४. कारण असे. हिमालयातून त्यांच्याकडे एका जांभळ्या घंटाफुलांच्या झुडपाच्या वाळक्या डहाळ्या आणि बिया आल्या. त्याच पेटीत दुसरेही एक झुडूप होते. प्रवासात पाने गळून तळाशी मिसळली होती. त्यांतले एक दातेरी पान उचलून मी घंटाफुलाच्या डहाळीशी चिकटवले आणि त्यावरून चित्र काढले. चित्रावरून डॉक्टरांनी वर्णन लिहिले, नाव दिले, पुस्तक छापले.

बिया डॉक्टरांच्या बागेचे मुख्य माळी जेबेझ ट्रेगिअर यांनी लावल्या. ते त्या बागेत एकतीस वर्षे होते. तिसऱ्या वर्षी फूल आले, तंतोतंत तेच. पण पानांना दाते नव्हते. डॉक्टरांनी झाड पुस्तकाशी ताडून पाहिले आणि ठरवले की माळ्याने बिया बदलल्या आणि खऱ्या बिया रोपवाटिकेला विकल्या. सगळ्या नोकरांसमोर काचघराच्या किल्ल्या काढून घेतल्या. शिफारसपत्र दिले नाही. ते नसले की माळ्याला कोणी फाटकातूनही आत घेत नाही.

त्याच आठवड्यात मी मूळ कागद भिंगाखाली धरला. पानाचा देठ डहाळीला जुळत नव्हता. मध्ये फक्त डिंक होता. डिंक माझा.

मी डॉक्टरांना सांगितले. ते म्हणाले, "पुस्तक तीनशे घरांत पोचलंय, मिस पेलो. माळ्याला काय, दुसरी बाग मिळेल."

मिळाली नाही. तीन वर्षे ट्रेगिअर थडग्यांवरचे गवत कापत आहेत. मी गप्प राहिले, कारण माझी नोकरीही तिथेच होती. गेल्या वर्षी नोकरी सोडताना तो कागद उचलून आणला. याला चोरी म्हणतात, आणि ती चोरीच आहे.

५. (खोडले. थ. पे.) माझ्या मृत्यूनंतर तो कागद आणि माझा कबुलीजबाब बागायती मंडळाकडे पाठवून भरसभेत वाचला जावा.

६. (खोडले. थ. पे.) अंगणातले काचघर, आतल्या झाडांसह, जेबेझ ट्रेगिअर यांना.

खोडल्याचा खुलासा. आज सकाळी सहावे कलम कानावर घालायला मी ट्रेगिअर यांना बोलावले. त्यांनी चष्मा लावला आणि न विचारता पाचवेही वाचले.

"म्हणजे मी चोर नाही, हे लोकांना कळायला तुम्ही मरायला हवं?"

"तशी तरतूद आहे."

"आणि वाचलात तर?"

मी कागदाची घडी सरळ केली.

"पंचाईत केलीत की मिस. आता गुरुवारी चर्चमध्ये गुडघे टेकून मी मागू तरी काय?"

ते हसले. मला हसता आले नाही. कबुलीजबाब आणि तो कागद दुपारच्या टपालाने मंडळाकडे गेले; नक्कल डॉक्टरांना. म्हणून पाचवे खोडले.

सहीसाठी दोन साक्षीदार लागतात. शेजारच्या मिसेस ऑजर्स आल्या. दुसरे साक्षीदार ठरलेले औषधवाले बाजारात गेले होते. ट्रेगिअर म्हणाले, "मी करतो."

मी त्यांना कायदा सांगितला. साक्षीदाराला त्या मृत्युपत्रातून काहीही मिळू शकत नाही. सही केली तर काचघर जाईल. औषधवाले चारपर्यंत येतील, थांबावे.

"एवढ्या काचा या वयात कोण पुसत बसणार?" ते म्हणाले. मग चष्मा परत लावून, "तीन वर्षांत मला कुणी सहीला बोलावलं नाही, मिस. चोराची साक्ष कोण घेतं? द्या ती लेखणी इकडे."

म्हणून सहावे खोडले. काचघर लव्हडेला. ट्रेगिअर यांना विचारल्याशिवाय तिने झारीला हात लावू नये.

साक्षीदाराने नावापुढे व्यवसाय लिहायचा असतो. तिथे त्यांचा हात थांबला.

"काय लिहू?"

"खरे ते."

वरील मजकूर माझाच आहे. दोन्ही साक्षीदार एकाच वेळी हजर असताना मी सही केली आणि माझ्या देखत त्यांनी.

थर्झा पेलो
पेनरिन, मंगळवार, ९ मार्च १८६९

साक्षीदार
टॅमसिन ऑजर्स, शिवणकाम
जेबेझ ट्रेगिअर, मुख्य माळी