नवा मोबाईल तूच निवड

साक्षी सूनबाई,

मी एसटीनं तासगावला म्होरं जातोय. भाकरी खाल्लीया. तू आवरून अकराच्या गाडीनं ये, मी मोबाईलच्या दुकानापशी थांबतो.

काल नाथाजीच्या उसावर तू ड्रोननं फवारत होतीस, तवा मी बांधाआड उभा होतो. मधीच रिमोटला जोडलेला तुझा मोबाईल हँग झाला, नकाशा गेला आन् ड्रोन थेट लाईटच्या तारंकडं निघाला. नाथाजी वरडला, "पळ पोरी!" तू जागची हलली न्हाईस. वर नजर ठिवून रिमोटनं त्याला मागं वळवलंस आन् मोकळ्या रानात अलगद उतरवलंस. लय भारी!

मागं तू वेगवान प्रोसेसरचा मोबाईल पायजे म्हणालीस, तवा मी "नखरं नगंत" म्हणलो. चुकलंच माझं. तोंडावर बोलाय जमंना, म्हणून लिवलं.

मला त्यातलं काय कळत न्हाई, मोबाईल तूच निवड. नाथाजीला सांग, राह्यलेला ऊस उद्या फवारू. मला बी तुझ्या शेजारी उभं राहून बघायचं हाय.

आबा