वर्गातलं नाव

प्रिय दादा,

"चिनी भाषेचा नाद सोड, विषय बदल," हे तुझ्या लेकीला सांगायला तू मला विद्यापीठात पाठवलंस. वर्गाबाहेर मी तिला हाक मारली, तर तिचं लक्षच नाही. मैत्रिणीने कुठल्याशा चिनी नावाने बोलावलं, तशी लगेच वळली. बाईंनी वर्गात सगळ्यांना अशी नावं दिलीत म्हणे.

"आणि आम्ही ठेवलेलं?" मी विचारलं.

"ते आहेच की, आत्या. तुला हवंय का एक?"

नको म्हणायला तोंड उघडलं आणि हो म्हणाले. तिने दिलेलं नाव वाटभर पुटपुटत घरी आले. तुझा निरोप द्यायचा राहिला. विषय बदलायची मुदत आज संपली. मी विसरले की मुद्दाम टाळलं, हे मलाच कळल्याशिवाय हे पत्र तुला कसं पाठवू?

तुझी,
धाकटी